पाणीपट्टीला स्पॅनिशमध्ये काय लिहायचं

स्पेनहून तक्ता दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा रोशनीने लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की पलीकडे बसलेल्या वासुदेवरावांचा चहा बशीत सांडला.

सेलूच्या त्या छोट्या संस्थेत ती चार महिन्यांपूर्वी लागली होती. शिक्षण भौतिकशास्त्राचं, पण स्पॅनिश येतं म्हणून घेतलेली. स्पेनमधली एक संस्था जवळच्या गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र देणार होती. गाव स्वतः किती पैसा उभा करतं, ते मात्र त्यांच्याच तक्त्यात, त्यांच्याच शब्दांत लिहून द्यायचं होतं. आज शेवटची तारीख. पाचच्या आत तक्ता बरोबर गेला नाही, तर यंत्र दुसऱ्या गावाला.

"आता काय म्हन्ते ते स्पेनची इनेसबाई?" वासुदेवरावांनी विचारलं. संस्था त्यांचीच.

"सर, पाणीपट्टीला मी 'तासा' लिहिलं. म्हणजे जो सेवा घेतो त्यानेच द्यायची फी. ती विचारते, नळ दोनशे साठ घरांत, मग पाणीपट्टी चारशे दहा घरं कशी देतात?"

"म्या त सांगतलंच होतं, सगळ्याले 'इम्पुएस्तो' लिही. कर म्हन्जे कर."

"पहिल्यांदा तेच लिहिलं होतं ना! नळाची फी करात कशी, म्हणूनच तर परत आला."

"लय चिकट बाई आहे."

बाई चिकट नव्हती, बाई बरोबर होती, याचाच रोशनीला जास्त राग येत होता. एकक न लिहिता नुसता आकडा लिहावा, तसं तिने केलं होतं. तिने वडिलांना फोन लावला. बाबाराव ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं कारकून होते.

"बाबा, ज्याच्या घरी नळ नाई तो पाणीपट्टी काऊन देते?"

"सामान्य देते ना तो. गावची विहीर, हापशी, त्याची. ते साऱ्याइले लागते. घरी नळ असला त विशेष वेगळी."

"म्हन्जे दोन आहेत?"

"दोनच आहेत. एवढी शिकली, अन् घरची पावती नाई पाह्यली कधी?"

"मंग अहवालात एकच आकडा कसा?"

"लोकं दाखला पाह्यजे तवाच येतात, जेवढे खिशात तेवढे देतात. अहवाल करतानी दोन्ही रकाने मिळवून टाकतात. कोन पाह्यते?"

"स्पेनची बाई पाह्यते, बाबा!"

गावच्या वसुली नोंदवहीचे फोटो उघडून तिने दोन्ही रकाने वेगळे केले. साडेतीन वाजले. सामान्य पाणीपट्टी गावच्या सगळ्या चारशे दहा घरांची. ती इम्पुएस्तो. विशेष मात्र नळाच्या दोनशे साठपैकी फक्त अडतीस घरांनी भरलेली. ती तासा.

वासुदेवराव खुर्चीतून उठलेच. "अडतीस? हे पाठवू नको. गाव पैसे बुडवते असं दिसते. दोन्हीइले चालन असा एखादा शब्द नाई का?"

शब्द होता. 'त्रिबूतो'. कर, फी, सगळं त्याच्या पोटात मावत होतं. कोणी चूकही म्हटलं नसतं. रोशनीने तो टाइप केला.

"हो, हाच! दे पाठवून."

"सर, हा खोटा नाही. पण दोनशे बावीस घरं याच्याखाली झाकली जातात. ती का देत नाहीत?"

"काऊन देतीन? खारं पाणी येते नळाले. दाळ शिजत नाई त्यात. ज्या पाण्यात दाळ शिजत नाई, त्याची पट्टी कोन भरन?"

"हे तुम्ही चार महिन्यांत एकदाही बोलला नाहीत!"

"अवो, हे त साऱ्या गावाले माहीत आहे."

रोशनीने कपाळाला हात लावला. मग त्रिबूतो खोडला, दोन ओळी वेगळ्या केल्या, दोन शब्द लिहिले आणि खाली टीप जोडली : तासा सेवेची असते, नळाला खारं पाणी येतं, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून लोक ती देत नाहीत, सामान्य कर मात्र सगळे देतात. चार चाळीसला तक्ता गेला.

पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं. वासुदेवराव तिच्या खांद्यामागून वाकले.

"काय म्हन्ते?"

"तक्ता स्वीकारला. यंत्र मंजुरीला पाठवते म्हणते." रोशनीने पुढची ओळ वाचली आणि तिचा आवाज चढला. "आणि विचारते, खाऱ्या पाण्याचं आधीच का नाही लिहिलं?"

"मंग लिही ना तिले," वासुदेवराव म्हणाले, "तुमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नाई म्हनून!"