सोवळ्याच्या खेपा

संयम हा माणसाचा खरा दागिना आहे, असं मी नोकरीतली तीस वर्षं हाताखालच्या लोकांना सांगत आलो. निवृत्त झाल्यावर दिवसातून सात-आठ वेळा संडासाकडे धावायची पाळी आली, तेव्हा हा दागिना नेमका कुठं घालायचा असतो हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

दुखण्याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते दबून राहायचं आणि गोळ्या कमी केल्या की पुन्हा डोकं वर काढायचं. म्हणून डॉक्टर भार्गवींनी आणखी एक गोळी सुरू केली. पिवळट, मसुराएवढी. हिचा गुण यायला तीन महिने लागतात, म्हणाल्या. तीन म्हणजे तीनच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वल्प तडीरी, सर." थोडं थांबा.

बंगळुरात दोन वर्षं काढल्यामुळे 'स्वल्प' किती असतं याची मला कल्पना होती. रिक्षावाला 'स्वल्प पुढं' म्हणतो तेव्हा आपण गावाबाहेर असतो.

आम्ही मूळ पुण्याचे. एकुलती एक मुलगी आसावरी इथं सॉफ्टवेअरमध्ये लागली, म्हणून मी आणि शुभदा तिच्यामागून जे. पी. नगरला येऊन राहिलो. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिनं ऑफिसातल्या वादिराजशी लग्न ठरवलं आणि मुहूर्त निघाला तो नेमका गोळीच्या तीन महिन्यांच्या शेवटी. त्या दिवशी पाटावर बसून मुलीचा हात मला स्वतः द्यायचा होता. बाकी लग्नात काय वाटेल ते होवो, माझी हरकत नव्हती.

वादिराजचे वडील भीमाचार्य यशवंतपूरला राहायचे. शहाजीराजांच्या मागून बंगळुरात आलेलं आणि परत जायचं राहून गेलेलं ते घराणं. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी तीनशे वर्षं कानडीच्या शेजारी नांदलेली. माणूस कर्मठ म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे शुभदानं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, की लग्न पार पडेपर्यंत आतड्याचा विषय काढायचा नाही. उगाच लोक विचारतात, घराण्यात आहे का.

विषय आम्ही काढला नाही. आतड्यानं काढला.

भीमाचार्य याद्या करायला आले तेव्हा मी आत होतो. प्रत्येक खेपेनंतर कोमट पाण्यात बसायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे बाहेर आलो तो ओलाचिंब, कमरेला पंचा. शुभदा म्हणाली, स्नान चाललं होतं. हे तसं खोटं नव्हतं. कपडे करून बसलो, सुपारी कातरली, आणि देण्याघेण्याचा विषय निघतो न निघतो तोच पुन्हा उठलो. पुन्हा पंचा. तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा भीमाचार्य उभे राहिले होते.

"परत न्हालात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"त्यांचं असंच असतं," शुभदा म्हणाली. "किती सांगितलं तरी ऐकत नाहीत."

भीमाचार्यांनी मला वाकून नमस्कार केला. स्टेरॉइडनं माझा चेहरा मोदकासारखा गोल आणि तुकतुकीत झाला होता. पुण्याचे नातेवाईक त्याला तब्येत सुधारली म्हणायचे. भीमाचार्य शुभदाला म्हणाले, "अक्का, रायरांच्या मुखावर केवढं तेज आहे. एवढी मडी आमच्यात आता कुणी करत नाही." मडी म्हणजे सोवळं, आणि रायरे म्हणजे मी, आदरानं.

ते गेल्यावर आम्ही दोघं हसलो. आठवड्यानं हसू गेलं.

भीमाचार्यांचा फोन आला. मुलांच्या आग्रहाखातर लग्न दीड तासात आटपायचं आधी ठरलं होतं. पण असा व्याही मिळाल्यावर तसं करणं त्यांना पाप वाटू लागलं होतं. आता सगळे विधी यथासांग होणार होते. उडुपीहून वृद्ध पुरोहित बोलावले होते, आणि वधूपित्याला पहाटेपासून धारेपर्यंत, म्हणजे कन्यादानाचं पाणी सुटेपर्यंत, पाटावरून हलायचं नव्हतं. मधे उठलाच, तर पुन्हा स्नान, पुन्हा सोवळं, पुन्हा पहिल्यापासून संकल्प. "तुम्हाला काय हो, रोजचंच," भीमाचार्य कौतुकानं म्हणाले.

मी हिशेब घातला. माझ्या खेपा आणि त्यांचे संकल्प यांची गाठ पडली असती, तर ते लग्न नातवाच्या बारशापर्यंत चाललं असतं.

आता सगळी भिस्त गोळीवर होती आणि गोळीला घाई नव्हती. रोज सकाळी ती तळहातावर घेऊन मी तिच्याकडे बघायचो. आजवर मी पुष्कळ सरकारी माणसं पाहिली, पण काम करणार की नाही याचा चेहऱ्यावर जराही पत्ता लागू न देणारं असं कोणी पाहिलं नव्हतं. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, रिपोर्ट डॉक्टर भार्गवींना दाखवायचा. त्या समाधानानं म्हणायच्या, रक्तावर वाईट परिणाम काही नाही. चांगला परिणाम, असं मी विचारलं की 'स्वल्प'. एखाद्या दिवशी तीनच खेपा व्हायच्या, मी आरशासमोर कन्यादानाचे मंत्र म्हणून बघायचो. दुसऱ्या दिवशी नऊ. शुभदा म्हणायची, अहो, सारखं मोजू नका, गोळीला वाटेल आपण मागे लागलोय.

त्यात गुंडो. गुंडो माझा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. शुभदानं काळजीपोटी त्याला सांगून ठेवलं होतं की वेळ पडली तर कन्यादानाला तू बस. तेव्हापासून तो दर रविवारी फोन करून माझी तब्येत विचारायचा, आणि बरी नाही म्हटलं की त्याचा आवाज खुलायचा. एका रविवारी त्यानं सांगून टाकलं की त्यानं रेशमी कद घेतलाय, जांभळा. घेतलाय तर वापरायला हवा, म्हणाला.

त्या जांभळ्या कदानं माझा संयम संपवला. लग्न तीन आठवड्यांवर होतं. मी शुभदाला सांगितलं की मी यशवंतपूरला जाऊन खरं काय ते सांगून येतो. लग्न मोडायचं तर आत्ताच मोडू दे. तिनं पिशवीत जादा धोतर घातलं.

जे. पी. नगरहून यशवंतपूर म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. वाटेत कुठल्या हॉटेलात मागच्या दारानं जाता येतं, हे रिक्षावाल्याला मी आधीच समजावलं. मी हँडल धरून बसलो. लालबाग गेलं, काही नाही. मॅजेस्टिक गेलं, काही नाही. मल्लेश्वरमच्या सिग्नलला तो स्वतःहूनच म्हणाला, सार, थांबू का? मी म्हटलं, नको. यशवंतपूर आलं तरी पोट गप्प. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते बहुधा घडायला लागलं होतं, आणि ते नेमकं मी कबुली द्यायला निघालो त्या दिवशी. परत फिरावं असं मनात आलं. पण गोळीचा भरवसा काय? तिचं अजून स्वल्पच झालं असेल.

भीमाचार्य दारात आले. नाक लाल, गळ्याला मफलर. मी बसायच्या आत सगळं सांगून टाकलं: सूज, रक्त, गोळी, पंचा आणि तेज. माझी मडी म्हणजे संडासाच्या खेपा आहेत, हे मी याहून सभ्य शब्दांत सांगू शकलो नाही.

भीमाचार्यांनी आत वळून पत्नीला हाक मारली, "सत्यवती, बाहेर ये. रायरे मडी करत नव्हते. आजारी होते."

सत्यवतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "देवा, सुटले," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. तुमच्या बरोबरीला यायला नको का, म्हणून भीमाचार्य दोन महिने दिवसातून चारदा न्हात होते आणि घरादाराला न्हायला लावत होते. वादिराज ऑफिसात शिंकत होता. आणि त्यांच्याकडे नळाला पाणी यायचं दिवसाआड.

"मग कन्यादान?" मी विचारलं.

"तुमची मुलगी, तुम्हीच देणार. आजाऱ्याला शास्त्रात सगळी सूट आहे. उठावं वाटलं तर उठा, पाय धुवा, परत बसा. उडुपीच्या पुरोहितांना मी सांगतो, दीड तास, सरी? आणि भावाला म्हणावं, कद नेसून जेवायला या."

मी हात जोडले. भीमाचार्यांनी ते हातात घेतले, सोडले नाहीत, आणि बायको आत गेल्याची खात्री करून खुर्ची जवळ ओढली.

"रायरे, एक विचारू? दिवसातून आठदा म्हणजे पाणी किती लागत असेल. तुमच्या एरियाचा पाणी सोडणारा वॉल्व्हमन कोण आहे? त्याला आमच्या रस्त्यावर एकदा पाठवता का?"