ढोलीतले सहाशे सात

दीप्तीला फक्त आपली जन्मवेळ हवी होती, पण इंद्रकुमार पटल्यांनी तिला आधी मासे दाखवले.

"हा निळा मासा पाह्य. त्याच्यावर माऊस नेला का पळते तो. आता पाह्य, गेला दगडामागं."

दीप्ती स्कुटीची चावी हातातच धरून "वा काका" म्हणाली. दुसऱ्या माशालाही म्हणाली. तिसऱ्याला तिने घड्याळ पाहिले. तिचे लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली होती आणि जन्माच्या दाखल्यावर नुसती तारीख होती. वेळ सांगू शकली असती ती तिची आई, पण ती दोन वर्षांपूर्वी वारली. उरल्या शामकलाबाई. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आसपासच्या सात गावांत एकतीस वर्षे नर्स म्हणून फिरलेल्या. दीप्ती त्यांच्याच हातावर झाली होती.

शामकलाबाई दाराजवळच्या खुर्चीत हिरवा चष्मा लावून बसल्या होत्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी अजून संगणकाच्या पडद्याकडे पाहू दिलेले नव्हते.

"मासे ठेवा जी बाजूले," त्या म्हणाल्या. "माही ढोली खोला. तिचं नाव लिहून पाहा, दीप्ती, आणि मायचं नाव फुलवंता. साल दोन हजारचं."

मासे सरकले, मागे पडदा दिसला. तिथे उजव्या कोपऱ्यात बांबूची ढोली होती. आपल्या घरी धान भरून ठेवतात तशीच, शेणाने सारवलेली. तिचे झाकण तिरपे होते आणि आत काही नव्हते. इंद्रकुमार त्या चित्राकडे बघत राहिले. चित्र त्यांनीच काढले होते.

इंद्रकुमार तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक लिपिक होते. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि मधल्या काळात त्या कागदाचे काय झाले ते विचारायचे नाही, अशी ती नोकरी. तीस वर्षे त्यांनी ती बिनचूक केली. कचेरीत संगणक आले तेव्हा बाकीच्यांना धडकी भरली. इंद्रकुमारांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा असे काही सापडले की जे नंबर न देता बदलता येत होते. पडद्याचा रंग बदलता येतो, हे त्यांना कळले तो दिवस त्यांनी डायरीत लिहून ठेवला आहे.

मग ते थांबले नाहीत. त्यांच्या टेबलावरच्या खिडक्या ओढल्या की दह्यासारख्या थरथरायच्या, बंद केल्या की पेट घेऊन राख व्हायच्या. पडदा डब्यासारखा चारी बाजूंनी फिरायचा. बाणाच्या जागी मोरपीस आले. एका साहेबांनी बदली होऊन जाताना कुठलीही फाईल मागितली नाही, पडद्याचा हा सगळा साज, म्हणजे ते थीम, मात्र पेनड्राइव्हमध्ये भरून घेऊन गेले. पत्र उघडायला दहा मिनिटे लागत, पण तेवढा वेळ माणसे त्या कचेरीत आधीही थांबतच होती. फरक इतकाच की आता बघायला काहीतरी होते.

निवृत्तीनंतर हा सगळा उत्साह घरच्या एकाच संगणकावर आला.

शामकलाबाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. त्यांच्याकडे नऊ वह्या होत्या. सरकारी रजिस्टर सरकारकडे राहिले, या वह्या त्यांच्या स्वतःच्या. प्रत्येक बाळंतपणाचा वार, वेळ, वजन, आणि खाली एक ओळ, जिला सरकारी रजिस्टरात रकाना नव्हता. 'नाल्याला पूर, बैलगाडीतच झाली.' 'आजी उठून गेली, मग गूळ मीच वाटला.' 'बाप बाहेर विडी पेटवत होता, सात काड्या वाया घालवल्या.' अशी सहाशे सात बाळंतपणे होती.

दोन वह्यांच्या कडा वाळवीने, म्हणजे आपल्याकडच्या उदईने, खाल्ल्या तेव्हा इंद्रकुमारांनी सांगितले, "कागदाले उदई लागते. याले नाही लागत. टाइप करून टाक सगळं."

ते त्यांनी प्रेमाने सांगितले होते. बायकोला बसता यावे म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक खास थीम केले, आपल्याकडचे. 'माझा संगणक' होता तिथे कौलारू घर आले. इंटरनेटच्या जागी गोरेगावच्या बाजाराची पाटी आली. कचरापेटी तेवढी पंचाईत करून बसली, कारण ती रिकामी वेगळी दिसते आणि भरलेली वेगळी, म्हणजे चित्रे दोन लागतात. बरेच दिवस विचार करून त्यांना ढोली सुचली. एक झाकण तिरपे, आत काळोख. एक काठोकाठ धानाने भरलेली, वर दोन लोंब्या. त्या लोंब्यांवरच त्यांचे चार दिवस गेले होते. खाली नाव बदलून 'ढोली' लिहिले आणि ते स्वतःवर खूश झाले.

ती मुळात काय होती, हे सांगायचे राहून गेले. शामकलाबाईंनी त्याआधी दुसरा कुठलाच पडदा पाहिलेला नव्हता.

त्यांनी एका बोटाने तीन वर्षे टाइप केले. एक बाळंतपण संपले की ते पान धरायचे, ओढत कोपऱ्यात न्यायचे आणि ढोलीत टाकायचे. पहिले पान टाकले तशी ढोली भरून आली आणि वर लोंब्या डुलल्या. "आता बसलं जागेवर," त्या म्हणायच्या. टाकलेले पान पुन्हा उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही. ढोलीतले धान कोणी रोज उपसून बघत नाही. एक वही पुरी झाली की ती सकाळी आंघोळीच्या बंबात जायची. नववी वही ऑपरेशनच्या दोन दिवस आधी गेली. त्या पाण्याने इंद्रकुमारांनीच आंघोळ केली होती.

आणि ऑपरेशननंतर, बायकोचे डोळे नवे झाले तर तिला पडदाही नवा दिसावा म्हणून, त्यांनी हे मासे आणले. मासे जड होते. संगणक जागा नाही म्हणाला. इंद्रकुमारांनी सफाई केली, म्हणजे आधी कचरा रिकामा केला आणि मग त्या जागेत मासे सोडले. सहाशे सात बाळंतपणांचे सगळे मिळून वजन एका माशाच्या शेपटीएवढेही नव्हते. तेवढ्याने काही जागा झाली नाही. ती शेवटी आधीच्या एका थीममधले मोर काढून झाली.

हे सगळे आता ते माऊसवर हात ठेवून, दीप्तीसमोर, एकेक करून आठवत होते.

"सापडलं का?" शामकलाबाईंनी विचारले.

"ढोली…" ते म्हणाले. "ढोली म्हणजे, तुह्या पडद्यावरची ती… ती कचरापेटी होती. मी साफ केली."

पडद्यावर निळा मासा दगडामागून बाहेर आला.

"सगळी?"

"सगळी."

दीप्तीला यातले काय कळले सांगता येत नाही. ती उठून उभी राहिली, नसेल तर राहू द्या बाई, असे काहीतरी म्हणू लागली. शामकलाबाईंनी तिला हाताने बसवले.

"ते बंद करा जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग दीप्तीकडे वळल्या. "तुहं मले आठवते. लिही. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मंगळवार होता. अडीच किलोच्या थोडी वर भरली तू."

दीप्तीने मोबाईलमध्ये लिहून घेतले. जायला उठली, आणि दारात थांबली.

"बाई, माय काही बोलली होती का तवा?"

शामकलाबाईंनी चष्मा सारखा केला.

"बोलली ना. मी म्हटलं, फुलवंता, पोरगी झाली. तर म्हणते कशी, बाई, हिचे कान पाहा ना, माह्यासारखे मोठे तर नाहीत."

दीप्ती हसली, मग तिने ओढणीने डोळे पुसले आणि नकळत कानाला हात लावला. जाताना ती शामकलाबाईंच्या पाया पडली. इंद्रकुमारांच्याही पडली. त्यांनी आशीर्वाद देताना जमिनीकडे पाहिले.

स्कुटीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी विचारले, "तुले आठवते?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय. पोरीले वेळ पाहिजे होती." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कानाचं खरं आहे. कोनाची माय बोलली होती, ते नाही आठवत."

एकतीस वर्षांत शामकलाबाईंनी एकही नोंद खोटी केली नव्हती. साहेबांनी डोळे वटारले तेव्हाही नाही. ही पहिली. महिनाभराने कळले की त्या वेळेवर पत्रिका उत्तम जुळली, छत्तीसपैकी सव्वीस गुण.

दीप्ती येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी इंद्रकुमार संगणकाचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने गोंदियाला गेले. कंडक्टरने काय आहे विचारले तर त्यांना नीट सांगता आले नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या हिमांशूने डबा ठेवून घेतला, दोन दिवसांनी बोलावले, आणि खरोखर कष्ट केले असावेत, कारण तो बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हता.

"काका, फाइलें जहाँ थीं ना, वहाँ आपकी मछलियाँ बैठ गईं."

"म्हणजे मासे काढले तर?"

"तो खाली जगह मिलेगी, काका. फाइल नहीं."

तुकडे मात्र थोडे हाती लागले होते, ते त्याने कागदावर काढून दिले. चौकोनांच्या ओळीच्या ओळी, आणि मध्येच कुठे 'गूळ', कुठे 'काड्या वाया'. इंद्रकुमारांनी ते पान घडी करून खिशात ठेवले. घरी दाखवले नाही.

घरी येऊन त्यांनी थीम काढले. मासे गेले, मोरपीस गेले, घर गेले, बाजार गेला. पडदा कंपनीने दिला होता तसा साधा निळा झाला आणि कोपऱ्यात कचरापेटी कचरापेटीसारखी दिसू लागली. शामकलाबाईंनी दुरून पाहिले.

"घर खाली करून गेल्यावानी दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. इंद्रकुमारांनी तशी वाट पाहिली. चहात साखर कमी पडली तेव्हा त्यांना वाटले, आता. पण ती चुकून कमी पडली होती.

रविवारी सकाळी त्यांनी नवी वही आणली, जाड पुठ्ठ्याची. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणला, पानांत घालायला. पट्टीने रकाने आखले. वार, वेळ, वजन, आणि शेवटचा रुंद, बिनानावाचा. मग समासात नंबर टाकत गेले, एकपासून सहाशे सातपर्यंत. नंबर टाकायची त्यांना सवय होती. टाकून झाल्यावर ते पेन उघडून शामकलाबाईंच्या खुर्चीजवळ खाली बसले.

"सांग. आठवन तसं."

"कायले?"

"सांग तं."

त्या सांगू लागल्या. त्यांना वार आठवत होता, वेळ आठवत होती, वजनसुद्धा ग्रॅमात. आंब्याखालचे घर, आईचे नाव, कंदिलाची काच कुठे तडकली होती ते. इंद्रकुमार भराभर लिहीत गेले. पहिली नोंद झाली, दुसरी झाली. त्यांना हुरूप आला. चौथ्या नोंदीला शेवटच्या रकान्याशी पेन थांबले, कारण त्यात लिहायची ओळ चारही वेळा तीच आली होती.

"रडलं नाही," शामकलाबाई म्हणाल्या. "लिहा."

"शामकला, जे जगले ते सांग ना."

"ते नाही आठवत जी. ते होते आणि आपल्या घरी जाते. हे राहते माह्याजवळ."

अशा एकोणीस झाल्या. एकोणिसाव्यानंतर त्या म्हणाल्या, आता नाही. उठून त्या डोळ्यांत औषध घालून घ्यायला आत गेल्या.

इंद्रकुमारांनी शाई वाळू दिली. मग प्रत्येक पानात पाला ठेवत ते वही पुढे चाळत गेले. वीस, एकवीस, बावीस. आखलेले, नंबर घातलेले, स्वच्छ रकाने. सहाशे सातव्यापाशी पाला संपला. आतून त्यांना हाक आली की थेंब घालायला या, आणि ते वही तशीच उघडी ठेवून उठले.