पहिल्या सामन्याचं धुकं

मी बर्फ बोलतोय. आइस हॉकीच्या मैदानाचा बर्फ, जाडी जेमतेम दोन बोटं. गेल्या आठवड्यापर्यंत या सभागृहात माती होती आणि रोडिओच्या खेळात बैल पाठीवरच्या माणसांना उडवत होते. मग हॉकी संघाचा बर्फ बनवणारा डेल कोव्हाल्चिक आला. जमिनीतल्या नळ्या गारठवून त्याने या पोर्ट लॅव्हर्न गावच्याच नळाचं पाणी थरावर थर शिंपडलं. संघ उत्तरेतल्या थंड मिशिगनहून आलेला, परका. मी मात्र इथलाच.

डेल काम करताना माझ्याशी बोलायचा. "आधीच्या दोन शहरांत खुर्च्या रिकाम्या राहिल्या, बाबा. इथंही राहिल्या तर संघ बंद."

मला नवल वाटायचं. ऑक्टोबरातही घाम निथळणाऱ्या या गावात मला बघायला कोण येणार?

पण पहिल्या सामन्याला लोक आले, रांगा लावून आले. द्वारपाल मिस अर्नेस्टिननी चारही दारं दुपारपासून सताड उघडी ठेवली होती. समुद्राची दमट हवा आत शिरली आणि माझ्या अंगावर धुकं दाटलं. खेळाडूंना स्वतःचे पाय दिसेनात.

पंच म्हणाले, "पंधरा मिनिटं देतो. नाहीतर सामना रद्द."

डेल धावला. "दारं कुणी उघडी ठेवली?"

"मी. पाहुणे येणार आणि दार बंद? आमच्यात नाही चालत."

"लावा आता."

"बाहेर अजून तीनशे माणसं आहेत, तिकीट घेतलेली. त्यांना काय सांगू, बर्फाला तुमचा घाम सोसत नाही?"

डेलने माझ्याकडे पाहिलं. माझा वरचा थर ओला होत होता. तरीही मी मनात म्हणत होतो, घे त्यांना आत. माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवून कुठला खेळ मोठा होतो?

त्याने तीन दारं लावली. चौथ्याला आत-बाहेर दोन कवाडं होती, मधे थोडी जागा. दहा माणसं मधे घ्यायची, बाहेरचं कवाड लावायचं, मग आतलं उघडायचं. इकडे खेळाडू धुकं हटवायला गोल गोल घसरत राहिले. हाच खेळ समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. पंधरा मिनिटं सरली. धुकं गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. पंचांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ते थांबले. शेवटचे दहा आत आल्यावरच शिट्टी वाजली.

आम्ही पाच-एकने हरलो.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, "मिस अर्नेस्टिन, आपण जिंकलो का?"

"नाही हो."

"बरं. पुढचा सामना कधी?"

डेल तिथेच उभा होता. त्याने टोपी काढून तोंड पुसलं.

एप्रिलमध्ये हंगाम संपला की मला वितळवतील, माहीत आहे. तोवर या. चरे पडलेत अंगावर, पण मी घट्ट आहे. फक्त आत आलात की दार लावून घ्या.