ओटीबरोबर राजीनामा

साजगावच्या एका पॅकिंग कारखान्यात बायकांची एक रीत पडली होती. रीत इतकी गोड की तिच्यात काही खोट असेल अशी शंकाही कुणाला येत नसे. लाइनवरच्या एखादीला सातवा महिना लागला की शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, गजरे, कुणाच्या घरची खीर, टाळ्या आणि पोटभर फोटो. त्याच दुपारी ती पोरगी ऑफिसात जाऊन राजीनामा देऊन यायची. तो कुणी मागितलेला नसायचा. बाळंतपण आलं की नोकरी गेली, हे सगळ्यांनी आपणच ठरवून टाकलं होतं.

या कार्यक्रमाच्या सूत्रधार खतीजाभाभी, लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या. राहायला कुंभिवलीला, नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान. गजरा आणण्यापासून खीर वाटण्यापर्यंत सगळं त्यांच्या अंगावर. त्या रजेवर असल्या तर ओटी पुढच्या शनिवारी जायची.

यंदा नंबर श्रद्धाचा होता. खोके चिकटवण्यापासून सुरुवात करून ती आता माल तपासणीच्या टेबलावर पोचली होती, आणि तिने होकार दिल्याशिवाय माल गाडीत चढत नसे. राजीनामा दिला म्हणजे परत आल्यावर पुन्हा खोके चिकटवणं आलं, तेही कंपनीने घेतलं तर. ते टेबल सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून तिने कामगार अधिकारी संतोष साहेबांना भीत भीत विचारलं होतं. साहेब म्हणाले, "तुम्ही ठेकेदाराकडच्या. तुम्हाला बाळंतपणाची रजा नसते. कायदाच आहे तसा."

आता साहेबांनीच कायद्याचं नाव घेतल्यावर बोलायचं काय? आपल्याकडे कायद्याचं नाव निघालं की माणूस मुकाट्याने चपला घालतो. कुठे लिहिलंय, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

रविवारी भाभींनी श्रद्धाला कौतुकाने जेवायला बोलावलं. भाभींची भाची अलफियाही आली होती. ती खालापूरच्या कोर्टात वकिली करते.

"मग, रजा कधीपासून?" अलफियाने सहज विचारलं.

"रजा कसली, वकीलबाई? शनवारी ओटी, न मंग राजीनामा. ठेकेदारीत रजा नाय ना. कायदाच हाय तसा."

"कुठे वाचलंस?"

श्रद्धाला हसू आलं. "आमी कुठं वाचनार? कायदा तुमच्याकडं. तुमीच सांगा काय हाय ते. फी असंल ती देऊ."

"मी नाही सांगणार," अलफिया म्हणाली. तिने हात धुतले आणि फोनवर सरकारच्या संकेतस्थळावरचा बाळंतपणाच्या रजेचा कायदा उघडून श्रद्धापुढे धरला. "मराठीत आहे आणि फुकट आहे. वशिला लागत नाही. मी सांगितलं तर तू साहेबांना म्हणशील, वकीलबाई असं म्हणतात. ते म्हणतील, आमचे वकील तसं म्हणतात. त्यापेक्षा तू स्वतः वाच."

श्रद्धा वाचू लागली. भाषा भलतीच जड. ‘उक्त’ आणि ‘परंतु’ यांच्यात ती सारखी अडकत होती, पण अलफिया फक्त शब्दाचा अर्थ सांगून गप्प बसायची. हळूहळू अर्थ लागत गेला. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कामगारच. ठरावीक दिवस काम झालेलं असलं की पहिल्या बाळासाठी सव्वीस आठवडे पगारी रजा. त्या रजेत तिला कामावरून काढता येत नाही.

भाभी मात्र अस्वस्थ झाल्या. "बास गं आता. कंपनीशी वाकडं घेऊन कुनाचं भलं झालंय? आजवर येवढ्या जनी हसत हसत घरी गेल्या ना?"

"हसत गेल्या, खाला, पण गेल्या कशाला?" अलफिया म्हणाली. "हे बघ, मला कायदा माहीत नव्हता, अशी सबब कोर्टात चालत नाही. चुकली तर शिक्षा श्रद्धाला. मग वाचायचं तेवढं वकिलांनी, हा कुठला न्याय? जो कायदा सगळ्यांना लागू आहे, तो सगळ्यांना वाचता आलाच पाहिजे."

तोवर श्रद्धा पुढे वाचत होती. या तरतुदींचा सारांश स्थानिक भाषेत, स्त्रिया काम करतात तिथे सहज दिसेल अशा जागी लावावा, असं कायद्यातच लिहिलं होतं.

"लावावा म्हंजे? भिंतीवर?" भाभींनी विचारलं.

"भिंतीवर, खाला. मराठीत."

भाभी खाली बसल्या. "मी रोज त्या भिंतीला टेकून डबा खाते गं! तितं थुंकू नये, येवढंच लिवलंय."

सोमवारी श्रद्धा आणि भाभी संतोष साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. श्रद्धाने फोन पुढे केला. "साहेब, येवढं वाचा, न आमचं काय चुकतंय ते सांगा."

साहेबांनी वाचलं. माणूस कोडगा नव्हता. "मलाही आधीच्या साहेबांनी असंच सांगितलं होतं," ते ओशाळून म्हणाले. मग काहीतरी आठवून उठले आणि त्यांनी केबिनचं दार लोटलं. दारामागे एक जुनी चौकट टांगलेली होती. त्यात हाच सारांश होता, पण इंग्रजीत, आणि तोही जिथे एकही बाई कामाला बसत नाही अशा खोलीत.

साहेबांनी वरच्या ऑफिसशी आणि ठेकेदाराशी बोलणं केलं. दोन-तीन दिवसांत श्रद्धाची रजा मंजूर झाली, आणि तपासणीचं टेबल तिच्यासाठी राहील असंही ठरलं. जेवणाच्या हॉलमध्ये मराठी सारांश लागला. तो बायकांना मोठ्याने वाचून दाखवला खतीजाभाभींनी, आणि वाचून झाल्यावर त्यांनी तिथूनच गेल्या वर्षी काम सोडलेल्या शगुफ्ताला फोन लावला.

"शगुफ्ता, तुला राजीनामा कुनी मागितला होता गं? ... तेच तर. कुनीच नाय. न टाळ्या मी वाजवल्या. उद्या ये. आता काय मिळंल, काय नाय, ते अलफियाला विचारू. पन आदी तू सोता वाच."

वाचकहो, कायदा आपल्या सगळ्यांच्या नावाने केलेला असतो, म्हणून तो वाचण्याचा हक्कही सगळ्यांचा आहे. ऐकीव कायद्यावर आयुष्याचे निर्णय घेऊ नका. स्वतः वाचा. अडलं तर विचारा. आणि कळलं की शेजारणीलाही वाचून दाखवा, कारण तिला विचारायचं धाडस कदाचित अजून झालेलं नसेल.