गाडीचं गाऱ्हाणं

महिपतच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी देवाला नारळ बोलायचा आणि मग दार उघडायचं, असं मालगुंडच्या आसपास लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. रत्नागिरी स्टेशनवरून गणपतीपुळ्याला माणसं आणायची हा त्याचा धंदा. एरवी माणूस लाखात एक. कुणाच्या घरी मयत असो की बारसं, महिपत हजर. पण एकदा का स्टिअरिंग हातात आलं, की त्याच्या अंगात कोण संचारायचं ते गावदेव भैरीलाच ठाऊक. पुढे गाडी दिसली की ती मागे टाकायची, मग ती का दिसली याचा विचार नंतर. हॉर्नवरचा हात निघायचा नाही आणि समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय वळण सरायचं नाही. गावातले मानकरी आप्पा एकदा दाढ काढायला त्याच्याबरोबर रत्नागिरीला निघाले आणि आरे-वारेच्या उतारावरच उतरून घरी परतले. दाढ दुखायची थांबली होती म्हणे.

हे सगळं गाव हसण्यावारी नेत होतं. नेत नव्हती ती फक्त राही, महिपतची बायको. ती त्याच्या गाडीत बसतच नसे. नवऱ्याची स्वतःची गाडी दारात उभी आणि बायको माहेरी सावर्ड्याला जाते ती एस्टीने, पोरीचा हात धरून, पिशवी काखेत मारून. याला कारण होतं. सानवी तीन वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन राही पुढच्या सीटवर बसली होती. संगमेश्वरच्या अलीकडे महिपतने वळणावर एका टँकरला मागे टाकायला गाडी काढली आणि समोरून दुसरा टँकर आला. दोघांच्या मधून गाडी कशी निघाली ते कुणालाच सांगता येणार नाही, पण महिपत मात्र ते चहाच्या टपरीवर वर्षभर सांगत होता. "हात भायर काडला असता तर दोनी बाजूला टँकर लागला असता," असं म्हणून तो दोन्ही हात पसरून दाखवी आणि लोक हसत. राही त्या दिवशी सावर्ड्याला उतरली ती पुन्हा त्या सीटवर चढली नाही. भांडली नाही, रडली नाही. नुसतं "मी एस्टीनं जातंय" म्हणाली. भांडली असती तर त्याने समजूत तरी घातली असती.

महिपतला ते आत कुठेतरी सलत होतं. त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे नवीन गाडी. पांढरी, सात सीटची, एअरबॅगवाली. गाडी चांगली असली की बायको बसेल, असं त्याचं गणित. चालवणारे आपण तेच आहोत हे त्याच्या हिशेबात आलंच नाही.

नवी गाडी घेतली की गावच्या भैरीसमोर गाऱ्हाणं घालायचं ही रीत. आप्पांनी नारळ हातात धरून देवाला सगळं सांगायचं, कोण आलंय, काय आणलंय, काय मागतोय, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला रुकार द्यायचा. गाऱ्हाण्यात बोलली गेलेली गोष्ट म्हणजे देवाच्या पदरात टाकलेली गोष्ट. ती मोडायची नसते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

आप्पांनी सुरुवात केली. "बा देवा भैरी म्हाराजा, आज तुज्या दारात तुजा लेकरू महिपत नवी गाडी घेऊन आलेला हाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्याला बरकत दे, गाडीत बसनाऱ्याला सुखरूप घरी पोचव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

महिपतचा आवाज सगळ्यांच्या वर होता. लक्ष मात्र देवळाबाहेर होतं. गाडी त्याने आंब्याखाली लावली होती, आणि बरोबर बोनेटच्या वरच्या फांदीवर एक कावळा येऊन बसला होता. कावळा शेपटी हलवी तसा महिपतचा जीव वरखाली होई.

"आजपासून तो वळनावर कोनाच्या पुडं गाडी घालनार नाय, म्हाराजा," आप्पा म्हणाले.

"व्हय म्हाराजा."

"म्हाताऱ्याला, पोराटोराला, गुराला आदी रस्ता दील. रातीचा समोरच्याच्या डोल्यात उजेड मारनार नाय. वाईट शब्द तोंडातना काडनार नाय."

"व्हय म्हाराजा." आता बायकांच्या बाजूने खुसखुस ऐकू आली. कावळा एक पाऊल सरकला.

"आनि ह्यातला काय मोडला, तर म्हैनाभर गाडीची चावी तुज्या पायाशी ठेवील, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" महिपत गरजला, कारण कावळा उडाला होता.

नारळ फुटला. प्रसाद हातावर पडला. बाहेर आल्यावर नितेशने, तोही स्टेशनवर गाडी लावणारा, त्याच्या पाठीत थाप घातली आणि काय काय कबूल करून बसलास ते सविस्तर सांगितलं. महिपत तसाच आप्पांकडे गेला.

"आप्पा, ह्या काय घातलाव गाऱ्हान्यात?"

"तू व्हय म्हनलास."

"मी कावल्याकडं बगत व्हतो."

"देव तुज्याकडं बगत व्हता." आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि गाडीच्या काचेतून आत बोट दाखवलं. डॅशबोर्डवर महिपतने नवा गणपती चिकटवला होता. "त्याचा तोंड कुठं हाय बग. रस्त्याकडं पाठ, तुज्याकडं तोंड. तुमी गाडीवाले देवाला पुडं बसवताव आनि म्हनताव, आता तो बगील रस्ता. रस्ता बगायचा काम तुजा. तुला बगायचा काम त्याचा."

घरी गेल्यावर महिपतने राहीला विचारलं, "आता तरी बसशील?" राहीच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा सावर्ड्याला होता, महिन्याभरावर.

"बगू," राही म्हणाली.

इतकी वर्षं त्या तोंडातून "नाय" याशिवाय काही निघालं नव्हतं. महिपतने ते "बगू" छातीशी धरलं.

मग त्याचे हाल सुरू झाले. गाऱ्हाणं गावभर झालं होतंच, ते स्टेशनपर्यंत पोहोचायलाही वेळ लागला नाही. त्याने हॉर्नवर हात नेला की टपरीवरून कुणीतरी हात जोडून "व्हय म्हाराजा" ओरडे. कुणावर तोंड सोडायला काच खाली करावी, तर पलीकडून हसरा चेहरा, "बोला म्हाराजा." शाळेची पोरं तर मुद्दाम रस्त्याच्या मधून रेंगाळत जात आणि तो थांबला की टाळ्या वाजवत. शिव्या गिळून गिळून त्याला अपचन व्हायची वेळ आली. पण सवय ही मोठी लबाड गोष्ट असते, चांगलीही लागते. मुंबईहून आलेल्या यमुनाबाई नावाच्या एका आजी गणपतीपुळ्याला उतरताना म्हणाल्या, "बाबा, तुझ्या गाडीत समुद्र दिसला." वर्षानुवर्षं तो त्या रस्त्याने जात होता. समुद्र तिथे आहे हे त्याला माहीत होतं, पण पाहिला त्याने त्या दिवसापासून.

साखरपुडा येत्या रविवारवर आला होता. राहीने अजून "बसते" म्हटलं नव्हतं, पण गाडीत मागे सानवीची उशी ठेवली होती. महिपतला ती उशी दिसली तेव्हा तो दिवसभर शीळ घालत होता.

आणि गुरुवारी घोळ झाला. स्टेशनवर गिऱ्हाईक वाट बघत होतं, गाडी रिकामी होती, उशीर झाला होता, आणि आरे-वारेच्या चढावर पुढे एक एस्टी धापा टाकत चालली होती. महिपत तिच्या मागे राहिला. थोडा वेळ राहिला. मग आजूबाजूला टपरी नाही, पोरं नाहीत, व्हय म्हाराजा म्हणणारं कुणी नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. वळण आलं आणि त्याने गाडी बाहेर काढली.

समोरून मासळी विकणारी मैना स्कूटरवरून येत होती, मागे बर्फाचा डबा बांधलेला. तिने स्कूटर जांभ्या दगडाच्या कठड्याला लागून कडेला घातली. महिपतने ब्रेक दाबला, एस्टी पुढे निघून गेली. स्कूटर आडवी झाली नाही, मैनाला खरचटलंही नाही. महिपत दार उघडून धावला. आता ही आपल्याला फाडून खाणार, अशी त्याची तयारी होती. मैनाच्या तोंडाची ख्याती साऱ्या बाजारात होती. पण मैना काही बोललीच नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने काचेतून दिसणाऱ्या गणपतीला हात जोडले, डब्याची दोरी पुन्हा आवळली आणि निघून गेली.

तो चेहरा महिपतने आधी पाहिला होता. संगमेश्वरच्या अलीकडे, शेजारच्या सीटवर, मांडीवर पोर घट्ट धरलेल्या राहीचा. टपरीवर गोष्ट सांगताना त्याने दोन्ही टँकर सांगितले होते, मधली वीतभर जागा सांगितली होती. तो चेहरा कधीच सांगितला नव्हता. तो तिथेच कठड्यावर बसला. लाज वाटली त्याला, सरळ लाज.

गिऱ्हाईक पोहोचवून संध्याकाळी तो घरी न जाता आप्पांकडे गेला आणि चावी पुढे धरली.

"कोनी बगला?" आप्पांनी विचारलं.

"गनपतीनं."

"रविवारी सावर्ड्याला जायचा हाय ना तुला?"

"जाईन. एस्टी हाय."

आप्पांनी चावी घेतली, भैरीच्या पायाशी नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "च्या घेऊन जा."

घरी राही भाकऱ्या थापत होती. त्याने सगळं सांगितलं, मैनासकट. राहीने मान वर केली नाही. "म्हंजे रविवारी एस्टीनंच," एवढंच म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. महिपतने ओळखलं की ते "बगू" आता गेलं. पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक.

रविवारी तिघं एस्टीने गेली. सावर्ड्याला मांडवात पाऊल ठेवलं न ठेवलं तोच राहीचा भाऊ निलेश बाहेर डोकावला. "काय दाजी, नवी गाडी कुठं लावलीत? आमी जागा राखून ठेवलीय."

सगळे पाहुणे बघत होते. 'सर्व्हिसिंगला दिलीय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. राही बाजूलाच होती, तीही त्याच्याकडे बघत होती.

"गाडी घरी हाय, चावी देवलात," महिपत म्हणाला. "वळनावर घातली व्हती मी. एक बाई मरता मरता वाचली. आदीबी एकदा घातली व्हती, तवा हीच मरता मरता वाचली. आमची सानवीबी. ती गोष्ट मी हसून सांगत फिरलो."

मांडवात कुणी हसलं नाही. निलेशने त्याचा हात धरून त्याला आत नेलं. राही तिथेच उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि मग बायकांत जाऊन बसली. परतताना एस्टीत तिने खिडकीची जागा त्याला दिली. एरवी ती जागा सानवीची.

महिना सरला, चावी परत मिळाली. सावर्ड्याला त्याच भाचीचं लग्न होतं. महिपत सकाळपासून गाडी पुसत होता, पण विचारायचं धाडस होत नव्हतं. तोपर्यंत राही पिशवी घेऊन बाहेर आली, सानवीला मागे उशीजवळ बसवलं, पुढचं दार उघडून स्वतः बसली आणि पट्टा ओढून म्हणाली, "ह्यो कुठं अडकवायचा?"

त्याने अडकवून दिला.

निवळीपर्यंत राहीचा हात दाराच्या कडीवर होता. महामार्गाला लागल्यावर तो मांडीवर आला. संगमेश्वरच्या अलीकडे, तेच वळण पुढे दिसू लागलं आणि नेमका पुढे एक टँकर होता, गोगलगाय बरी असा. मागून नितेशची गाडी हॉर्न ठोकत आली, झपकन पुढे गेली. महिपत टँकरच्या मागे चिकाटीने राहिला. आता राहीने बघायला हवं, असं त्याला फार वाटलं. आपण कसे थांबलोय, किती लांब थांबलोय. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

राही झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात सैल.

तिला उठवावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याने तिच्या बाजूची काच हळूच वर केली, आणि टँकर जाईल तसा त्याच्या मागे मागे सावर्ड्याला गेला.