सात मापांचा बाक

हौसा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो. पनवेलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो तो ती आपल्या परीने सांगतो.

सत्तावन्न सालचा फाल्गुन होता. माझं काम बैलगाडीच्या चाकांचं. त्या सकाळी मी पडवीत आरे तासत होतो आणि शेजारचा अब्दुलभाई कल्हईवाला गप्पा मारत बसला होता. हौसा, माझी बायको, सहा दिवसांपूर्वी रोडपालीला भावाच्या घरी लग्नाला गेली होती. तो भाऊच, बुधाजी, दारात येऊन उभा राहिला. बांधावरून चालत आला होता. पायांना पोटरीपर्यंत चिखल.

“ये बुधाजी, बस.”

“नाय दाजी. बसत नाय.”

“पाणी तरी घे.”

“पाणी नको.”

मी अब्दुलभाईकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

“शहाणा झाला गडी,” मी म्हणालो.

“भाभीने सगळ्या रोडपालीला शिकवून सोडलं,” अब्दुलभाई म्हणाला.

आता हसलो का ते सांगतो. आमच्या घरी बसायला आणि पाणी प्यायला माणसं कचरत. त्याला कारण हौसा. चाकांची उरलेली लाकडं तिला दिसली की तिच्या डोक्यात काहीतरी शिरायचं. पाहुण्यांच्या पाटाखाली तिने चामड्याची पिशवी बसवायला लावली होती. माणूस बसला की खालून बदक ओरडायचं. तांब्याच्या गळ्यावर अब्दुलभाईकडून एका बाजूला बारीक भोकं पाडून घेतली होती, नक्षीत लपलेली. त्या बाजूने पाणी प्यायलं की सदरा भिजला. दुसऱ्या बाजूने प्यायलं तर थेंब सांडत नसे, पण ती बाजू कोणती ते ती सांगत नसे. बुधाजी त्या तांब्याने तीनदा भिजला होता.

आणि मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस उंबरा ओलांडत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. पण आमच्या घरात जो तो असाच दारात उभा राहून नको नको म्हणायचा. मी तांब्या उचलून त्याच्यापाशी नेला आणि म्हणालो, “घे रे, आज तुझी बाय घरात नाय. बाजू मी दाखवतो.”

त्याने तांब्याकडे बघितलं आणि खाली मान घालून रडायला लागला. अब्दुलभाईने आधी डोक्यावरची टोपी सारखी केली, मग माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

लग्न पार पडलं आणि हौसाला ताप चढला. उतरेल म्हणून तिनेच मला निरोप पाठवू दिला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं.

घरी तिचा एक बाक अर्धा पडला होता. मला आता तेवढंच करायचं होतं. तो बाक तिला हवा होता तसा पुरा करायचा.

तिची रीत अशी होती. आकडे तिला येत नसत आणि माझी फूटपट्टी तिला खपत नसे. ती एक सुतळी घ्यायची आणि तिला गाठी मारायची. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक माप. पहिलं माप कशाचं, दुसरं कशाचं, ते फक्त तिला ठाऊक. ती माप धरून उभी राहायची, म्हणायची, “इथं कापा.” मी कापायचो. काय होणार ते विचारलं की हसायची.

चार पायांचं एक स्टूल आम्ही असंच केलं होतं. त्याच्या एका पायात पोलिसाचा बूट, दुसऱ्यात शेटजींचा जोडा, तिसरा कोळणीचा अनवाणी पाय, बोटात जोडवं घातलेला. चौथ्याला काटा टोचला म्हणून तो उचललेला. तरी स्टूल कलंडत नसे. मुंबईच्या एका चित्रशाळेचे साहेब त्या हिवाळ्यात अब्दुलभाईकडे भांडी बघायला आले होते. त्यांनी ते स्टूल बघितलं आणि जमिनीवर बसून त्याच्याभोवती सरकत राहिले.

“बाई, याला काय म्हणायचं?” त्यांनी विचारलं.

“स्टूल,” हौसा म्हणाली. “तुमी काय म्हणता?”

साहेबांनी स्टूल पुन्हा एकदा फिरवून बघितलं. वैशाखात मुंबईला प्रदर्शन भरवणार होते, त्यात या वस्तू मांडू म्हणाले. बाकही पुरा करून ठेवा म्हणाले.

बाक म्हणजे दोन खुंटांवर आडवा बसवलेला चाकाचा तुंबा, आरे ज्यात बसतात तो मधला गोल ठोकळा, आणि त्या तुंब्यावर एकच लांब सागवानी फळी. पाठ नाही, पाय नाहीत. हौसाने सात मापांची सुतळी केली होती. त्यातली पाच मापं मला देऊन झाली होती. फळी बसवली तेव्हा तुंब्याच्या एका बाजूला ती दीड वीत जास्त निघाली. जड बाजू जमिनीला टेकली.

“चुकलीस,” मी म्हणालो.

“बसल्यावर कळंल.”

“एक बाजू लांब हाय, हौसा. बसणार कसं?”

“अवो, मी रोडपालीवरनं येते, मग बसू.”

आणि सुतळी कनवटीला खोचून ती गेली.

माझी एक खोड आहे. बोलणं अंगावर यायला लागलं की मी उठतो आणि कामाला लागतो. बावीस वर्षं हौसा अर्ध्या वाक्यात माझी पाठ बघत आली. त्या दिवशीही ती आणखी काही सांगणार होती बहुतेक. मी आरे तासायला बसलो होतो.

बारावं-तेरावं झालं. साहेबांचं पत्र आलं की येत्या रविवारी लॉरी घेऊन येतो. शुक्रवारी मी बाकासमोर करवत घेऊन उभा राहिलो. मला वाटलं, बाई माणूस, अंदाज चुकला, मरणानंतर तिची चूक मुंबईला कशाला मांडायची? लांब बाजूवर दीड वीत सोडून खडूने रेघ मारली. दोन्ही बाजू सारख्या केल्या की बाक पुरा.

करवत टेकवणार तोच बुधाजी आला. हौसाचं गाठोडं घेऊन आला होता. या खेपेला उंबरा ओलांडून आत आला आणि पाटाकडे तिरक्या नजरेने बघत बाकाच्या लांब बाजूवर, बरोबर माझ्या रेघेपलीकडे, बसला.

“ऊठ, ते कापायचंय.”

“दाजी, दोन कोस चालून आलोय. जरा दम घेऊ द्या.”

मी करवत ठेवली आणि आखूड बाजूवर बसलो. फळी उचलली गेली आणि सरळ झाली. एकदम सरळ, तराजूच्या दांडीसारखी. मी दोन पोत्यांएवढा, बुधाजी बहिणीसारखाच काटक. मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हणालो, “बोल.”

“बायनं बडबड नाय केली जास्त,” बुधाजी म्हणाला. “तापात पन ती सुतळी चाचपत होती. शेवटच्या दिवशी मला बोलली, बुधा, त्यांना...”

माझ्याने ऐकवेना. मी उठलो.

बुधाजी दाणकन खाली आदळला. धोतर वर, पाय वर, गाठोडं चुलीपर्यंत घरंगळलं. पलीकडून शेजारीण गुणाबाई ओरडली, “काय पडलं गं बाई?”

“मी पडलो!” बुधाजी बसल्या जागेवरून ओरडला. “दाजी, माणूस बोलतोय नि तुमी उठता काय?”

मी तसाच उभा राहिलो. मग परत बसलो. बुधाजी वर आला. मी हळूच उठायला गेलो, बुधाजी खाली जायला लागला, त्याने माझं मनगट धरलं.

“बसा! बसा आधी!”

“ती काय बोलली?”

“हेच बोलली! त्यांना बसव, बोलली. उठले तर मी पडते का नाय ते बघतील.”

मी त्याला गाठोडं आणून उघडायला सांगितलं. तो उठेना, म्हणाला मी उठलो की तुमी पडाल, तुमी उठलात की मी. शेवटी गुणाबाईने येऊन गाठोडं आमच्यामध्ये आणून दिलं आणि आम्ही असे का बसलोय ते न विचारता गेली. या घरात विचारण्यात अर्थ नाही हे तिला ठाऊक. आत लुगडं, फणी आणि सुतळी होती. पाच मापं माझ्या फळीवर होतीच. सहावं माप मी खडूच्या रेघेपासून टोकापर्यंत धरून बघितलं. केसाचाही फरक नव्हता. मी जे कापणार होतो ते तिने वेगळं मोजून ठेवलं होतं. ती तिची बसायची जागा होती.

बुधाजी आणि मी बराच वेळ बसून राहिलो. हसलोही. मग एक, दोन, तीन म्हणून एकदम उठलो.

रविवारी साहेब आले. बाक बघून म्हणाले, “तुळशीराम, ही बाजू लांब राहिली की.”

“बसून बघा साहेब. लांब बाजूला.”

साहेबही सडपातळ. फळी सरळ झाली. साहेब खूश झाले आणि प्रदर्शनात हा बाक मधोमध कसा मांडायचा ते सांगायला लागले. चांगलं सांगत होते. त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा मी उठलो.

अब्दुलभाई दारातून बघत होता. त्याने टोपी काढून तोंडावर धरली.

साहेब जमिनीवरून म्हणाले, “वा!” मग कंबर चोळत म्हणाले, “हा पाहिजेच मला.”

“साहेब, पाणी घ्या आधी,” मी म्हणालो आणि तांब्या दिला. सदरा चांगलाच भिजला.

स्टूल, पाट आणि तांब्या मुंबईला गेले. बाक मी दिला नाही. साहेबांना खरं तेच सांगितलं, की अजून पुरा झालेला नाही.

खडूची रेघ मी पुसली. लांब बाजूवर रंधा मारायचा राहिला आहे. तो मारला तर वजन हलकं होईल, म्हणून मारत नाही. आणि सुतळीचं सातवं माप आहे, चार बोटांचं. ते कशाचं, मला माहीत नाही. त्या मापाचं काही अजून केलेलं नाही.