दगडाची कड

पोहण्याच्या तलावांची कामं करणाऱ्या वॉरनने कोपरापर्यंत हात बुडवून डेसच्या तलावातलं पाणी बाटलीत घेतलं आणि दोन थेंब तपासणीचं औषध टाकलं. पाणी पिवळंधमक झालं.

"डेस, क्लोरीन भरपूर ओतता की राव तुम्ही."

"हात सढळ आहे माझा," डेस म्हणाला.

त्याची बायको ग्लेनिस चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. त्या सढळ हातामुळे ती अकरा उन्हाळे स्वतःच्या अंगणातल्या तलावात उतरली नव्हती. एक डुबकी मारली की अंगभर चट्टे उठत आणि आठवडाभर खाजत. लहानपणी टाउन्सव्हिलच्या शाळेसाठी पोहण्याचे चषक आणणारी ही बाई आता काठावर पाय वर घेऊन बसायची. दर नोव्हेंबरात, उन्हाळा तोंडावर आला की ती म्हणायची, मिठाचं यंत्र बसवू या. डेस दरवेळी म्हणायचा, मीठ माझा दगड खाईल. तलावाची कड त्याने स्वतः वालुकाश्माने बांधली होती. दर रविवारी तो ती ब्रशने घासायचा. बायकोच्या पाठीला मलम लावायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही.

आणि आज मिठाच्या यंत्रासाठी त्यानेच वॉरनला बोलावलं होतं. ग्लेनिसने गेल्या शनिवारीच निळा पोहण्याचा पोशाख आणला होता. आत्ता तो फ्रॉकखाली अंगातच होता. बासष्टाव्या वर्षी हे जरा अतीच, हे तिलाही कळत होतं.

"हे लहान यंत्र," वॉरन सांगत होता, "याच्या पट्ट्या तुम्हाला उघडून धुवाव्या लागतील. मोठं आपलं आपण साफ होतं. क्लोरीन यातही असतं बरं का, यंत्र ते मिठातून बनवतं. पण बेताने बनवतं, म्हणून कातडीला सोसतं."

"मोठंच दे."

"आणि या कडेचं काय? पाच-सहा वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटतील."

"सुटू देत," डेस म्हणाला.

ग्लेनिसने ट्रे टेबलावर ठेवला आणि डेसच्या बशीत खोबऱ्याच्या किसात घोळवलेले दोन लॅमिंग्टन केक वाढले. डॉक्टरांनी त्याला एकाच केकची परवानगी दिली होती.

"मग बुधवारी मीठ टाकतो," वॉरन वही मिटत म्हणाला. "एक दिवस विरघळू दे. गुरुवारी फोटोत पाणी कसं आरशासारखं दिसेल. तुमच्या एजंट बाई म्हणाल्याच मला, जाहिरातीत मिठाचा तलाव म्हटलं की गिऱ्हाइकं तुटून पडतात."

"कसले फोटो?" ग्लेनिसने विचारलं.

वॉरनने डेसकडे पाहिलं. डेस बोटांवरचा खोबऱ्याचा कीस झटकत होता.

"आज सांगणारच होतो तुला. हे घर आता झेपत नाही, विकायला काढलंय, ग्लेन. निवृत्तांच्या वसाहतीत दोन खोल्या पाहून ठेवल्यात मी. छान आहेत."

"तिथे तलाव आहे?"

"पत्त्यांचा क्लब आहे."

ग्लेनिसला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या दोन लॅमिंग्टनची.

"म्हणजे शुक्रवारी मला पोहता येईल," ती म्हणाली.

"अगं, शुक्रवारी नको. शनिवारी लोक घर बघायला येणार. पाणी नितळ राहायला हवं."

तिने फ्रॉक डोक्यावरून काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरू लागली. वॉरनने घाईघाईने वहीत डोकं खुपसलं.

"ग्लेन! वेड लागलं का तुला? अंगभर चट्टे उठतील!"

ती पलीकडच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. हात अजून विसरले नव्हते. काठाशी येऊन तिने दगडाची कड धरली. डोळे लाल झाले होते.

"आठवडाभर राहतात ते चट्टे," ती म्हणाली. "शनिवारी त्या लोकांना दार मी उघडीन."